खारीचं तिसरं घरटं

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सकाळी सहा अंश, दाट धुकं, वारा नाही.

छत्तीस वर्षं वनखात्याची नोंदवही हवामानापासून सुरू केली. निवृत्त होऊन पाच महिने झाले तरी हात तिथूनच सुरू होतो. होऊ दे.

आज टेकडीखालच्या बालवाडीत पहिला तास घेतला. मुख्याध्यापिका ओर्शी नेनींनी उन्हाळ्यातच गळ घातली होती : नाताळपर्यंत दर मंगळवारी या आणि मुलांना तांबड्या खारींबद्दल सांगा. बालवाडीच्या मागे चार जुने पाइन आहेत, एक अक्रोड आहे, आणि खारी दिवसभर कुंपणावरून ये-जा करतात. मला वाटलं, यात अवघड ते काय? ओकच्या कीडरोगावर मी दोनशे माणसांसमोर बोललो आहे.

पाच-सहा वर्षांची बावीस मुलं होती. छत्तीस वर्षं मी ‘साहेब’ होतो; इथे बायका सगळ्या ‘नेनी’, म्हणजे मावशी, आणि मी आजपासून बावीस जणांचा काका, वेन्डेल बाची. मी खारीचं वजन सांगितलं, शेपटीची लांबी सांगितली. एका मुलाने हात वर केला. "वेन्डेल बाची, तुमच्या नाकात केस का आहेत?" मी म्हणालो, थंडीसाठी, खारीच्या कानांवरही हिवाळ्यात केसांचे झुबके येतात. हे सगळ्यांना पटलं. उरलेल्या वेळात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही.

निघताना कोट काढायला खुंट्यांपाशी गेलो. प्रत्येक खुंटीवर त्या त्या मुलाचं चिन्ह : छत्री, मशरूम, इस्त्री, खार. तेच चिन्ह त्याच्या टॉवेलवर, कपावर, उशीवर. वाचता येत नाही तोवर हेच नाव. मदतनीस इर्मा नेनी फरशी पुसता पुसता म्हणाली, "तुमचं कोणतं होतं?"

"झारी," मी म्हणालो. साठी आली तरी ते कोण विसरतो?

"आणि मुलीचं?"

"घोडा." बहुतेक घोडाच. लिल्लाच्या टॉवेलांवरचं ते सगळं तिच्या आईने शिवलं होतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नऊ अंश, ढगाळ, दुपारी ऊन.

आज घरट्यांबद्दल सांगितलं. काटक्यांचा गोळा, आत शेवाळ, गवत, सालीचे तंतू, सापडलेले केस. एका खारीची अशी तीन-चार घरटी असतात. आज इथे झोपायचं, उद्या तिथे. पिल्लांना आई एकटीच वाढवते, बाप वेगळ्या झाडावर असतो. पाइनचं रिकामं घरटं काठीने खाली पाडून आणलं होतं, ते हातोहाती फिरवलं.

मागच्या रांगेत बोरोका नावाची मुलगी आहे. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिचं चिन्ह खार. घरटं तिच्या हातात आलं ते तिने सोडलंच नाही. मग विचारलं, "तिचं खरं घर कोणतं?"

"सगळीच."

"पण खरं?"

"खारीला त्याने काही फरक पडत नाही," मी म्हणालो. सोपं उत्तर होतं आणि शास्त्राला धरून होतं. तिने मान हलवली. पटलं असावं.

नंतर इर्मा नेनीने चहा देताना सांगितलं, या पोरीचे आईबाप वसंतात वेगळे झाले. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. "सोमवारी तिची बॅग बघा एकदा. पोरगी मागून दिसत नाही."

मी म्हणालो, म्हणजे दोन दोन खोल्या मिळाल्या की. लिल्लाचंही असंच होतं, शनिवार-रविवार माझ्याकडे आणि एरवी आईकडे. कधी तक्रार केली नाही तिने. निळी बॅग पाठीला लावून टुणटुण यायची.

इर्मा नेनीने कप जरा जोरात आपटला. कपबशा धुताना ती नेहमीच आवाज करते.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पाच अंश, पाऊस.

आज भांडण झालं. माझ्यामुळे, असं दिसतं. आता सगळ्यांनाच खार हे चिन्ह हवं आहे. झालानचं चिन्ह इस्त्री. तो मला म्हणाला, "तुम्ही इस्त्रीबद्दल का नाही सांगत?"

"इस्त्रीबद्दल काय सांगू?"

"ती कुठे राहते? काय खाते?"

"काही खात नाही. कपाटात असते."

तो जो रडायला लागला तो थांबेचना. ओर्शी नेनी म्हणाल्या, "वेन्डेल, तुम्ही झाडांशी फार वर्षं बोललात." त्या हसत होत्या, तरी टोमणा होता की नाही हे कळलं नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

दोन अंश, स्वच्छ.

मृतांचा दिवस. काल सकाळीच आईबाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवली. लिल्ला ऑस्ट्रियातल्या ग्राझहून आली, वर्षातून दोनदा येते त्यातली ही एक खेप. रात्री राहिली. तिने बॅगेतून स्वतःचा टॉवेल काढला, साबण काढला, उशीचा अभ्राही काढला.

"अगं, माझ्याकडे आहे ना सगळं," मी म्हणालो.

"असू द्या बाबा. सवय आहे."

बत्तीस वर्षांची झाली तरी ती अजून तशीच टापटिपीची आहे. लहानपणीही टूथब्रश कधी माझ्याकडे ठेवला नाही, रविवारी संध्याकाळी न चुकता परत बॅगेत टाकायची. मला वाटायचं, तिला तो ब्रश फार आवडतो.

आज सकाळी ती गेल्यावर पाहिलं, खोलीत ती येऊन गेल्याची एकही खूण नव्हती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तीन अंश, सकाळी गवतावर किंचित पांढरं.

हिवाळा कसा काढतात ते सांगितलं. खार हिवाळाभर झोपत नाही. अक्रोड पुरते, वासाने शोधते, काही विसरते. एरवी एकटी राहते, पण कडक थंडी पडली की दोन खारी कधी कधी एकाच घरट्यात येतात आणि एकमेकींच्या उबेला झोपतात.

"आई-खार आणि बाबा-खार पण?" बोरोका.

"येऊ शकतात."

"किती थंडी पडली की?"

छान प्रश्न. मी म्हणालो, पारा शून्याच्या खाली उतरला की. मग शून्य म्हणजे काय ते सांगितलं. ऐकत मात्र ती एकटीच होती, बाकीचे टेबलाखाली घरटं करत होते.

खार-चिन्हाचा टॉवेल हरवला. इर्मा नेनी म्हणते, तुमच्या त्या खारींनी पोरांना चोऱ्या शिकवल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एक अंश, धुकं.

मी फाटकातून आत आलो तेव्हा बोरोका वाटच बघत होती. "आज किती?"

"एक."

"म्हणजे उणे नाही."

"नाही."

बावीस मुलांत हवामानात रस असलेली एक तरी निघाली. आनंद झाला. तिला जुना थर्मामीटर द्यावा म्हणतो.

मात्र चोरीचं प्रकरण वाढलं आहे. आता खार-चिन्हाची उशी, झालानचा इस्त्रीवाला कप आणि आणखी कुणाचा तरी मशरूमवाला कप गेला. मी मुलांना दाखवायला आणलेल्या टोपलीतले अक्रोडही मुठीमुठीने कमी होताहेत. मी तर्क लढवला : झालान. त्याला खार व्हायचं आहे, म्हणून खारीच्या वस्तू नेतो. पण मग स्वतःचाच कप कशाला चोरेल? आणि मशरूमचा काय संबंध? जंगलात लाकूडचोर पकडणं याच्यापेक्षा सोपं होतं, चाकांच्या खुणा तरी राहायच्या.

मी झालानला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "इस्त्री चालतच नाही, तर चोरी कशी करेल?"

मी त्याला परत खेळायला पाठवलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

शून्य. बरोबर शून्य.

"आज?" बोरोकाने विचारलं.

"शून्य."

"मग अजून नाही."

खाणीच्या मुकादमासारखी मान हलवून ती आत गेली. ओर्शी नेनींना सांगितलं, ही मुलगी पुढे शास्त्रज्ञ होणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ती हल्ली दुसरं काही बोलतच नाही, वेन्डेल. घरीही नाही. दोन्ही घरी." मी म्हटलं, एखाद्या विषयाचं वेड लागलं की असंच होतं, माझंही झालं होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सकाळी उणे एक. संध्याकाळी उणे तीन, आभाळ स्वच्छ.

घडलं त्या क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकात एक मिसळेल.

सकाळी बोरोकाला "उणे एक" सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि पळाली. चार वाजता मी मागच्या अंगणात खारींची खाण्याची पेटी दुरुस्त करत होतो. साडेचारला तिची आई नोरा घ्यायला आली. इर्मा नेनीने खुंटी बघितली. खारीच्या खुंटीवर कोट नव्हता. कोट नाही म्हणजे मूल गेलं, हाच तिथला हिशोब, वर्षानुवर्षांचा. ती म्हणाली, "बाप घेऊन गेलेला दिसतोय." नोराने आकोशला, म्हणजे बापाला, फोन लावला. तो कारखान्यात पाळीवर होता, फोन उचलला नाही. ती चिडून घरी गेली. पाच वाजता त्याचा उलट फोन : माझ्याकडे कशी असेल? हा आठवडा तुझा आहे.

सव्वापाचला ओर्शी नेनी धावत अंगणात आल्या. काळोख पडला होता, मी हत्यारं आवरत होतो. "वेन्डेल, ती खारींच्या मागे जंगलात गेली असेल का हो?"

मी छत्तीस वर्षांत चार हरवलेली माणसं शोधली आहेत. दोन जिवंत सापडली. हे त्यांना सांगितलं नाही.

टॉर्च घेऊन कुंपणाने निघालो. कुंपण कुठेही वाकलेलं नव्हतं. पाइनखाली काही नाही. अंगणाच्या टोकाला बर्फावरच्या घसरगाड्यांची लाकडी खोली आहे, बर्फ पडेपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. तिच्या मागच्या भिंतीला सात-आठ घसरगाड्या टेकवून ठेवलेल्या होत्या. आतल्या वस्तू बाहेर, म्हणजे आत जागा केली आहे. खार पोकळी साफ करते तेव्हा ढोलीखाली असाच कचरा दिसतो. एवढं मला कळलं.

दार उघडलं. आत तीन घसरगाड्या शेजारी शेजारी मांडलेल्या. दोन मोठ्या, मधे एक छोटी. तिन्हींवर पेंढा, शेवाळ, हरवलेला टॉवेल, उशी. तीन कप. प्रत्येक कपात अक्रोड. मधल्या छोट्या गाडीवर बोरोका, अंगावर कोट, ओठ जरा निळे.

"वेन्डेल बाची, आता उणे आहे ना?"

"उणे तीन."

"मग अजून कसे आले नाहीत?"

मला वाटलं, ती खारींची वाट बघतेय. मी माझा कोट तिच्या भोवती गुंडाळत म्हणालो, "खारी इथे कशा येतील, बाळा? इथे माणसाचा वास येतो."

"खारी नाही," ती म्हणाली. माझ्याकडे अशी बघत होती की बावीस मुलांत मीच एक ढ.

मग फाटकाकडून नोरा आली आणि रस्त्याकडून आकोश, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. दार बुटकं आहे, दोघंही वाकून आत आले. नोरा एका मोठ्या गाडीवर बसली आणि पोरीला छातीशी धरून हलायला लागली. आकोश उभा राहिला तर डोकं छपराला लागत होतं, म्हणून तो दुसऱ्या मोठ्या गाडीवर बसला. दुसरी जागाच नव्हती. कुणी कुणाला दोष दिला नाही, धाप लागली होती दोघांना.

बोरोकाने आईला एक कप दिला. बापाला एक कप दिला. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "बघा. आले."

मी टॉर्च धरून दारात उभा होतो. ती कुठे रोखावी ते मला कळेना. शेवटी जमिनीकडे धरली.

बुधवार, २७ नोव्हेंबर

उणे चार.

डॉक्टरांनी सांगितलं, पोरगी ठीक आहे. मी नाही. ओर्शी नेनींनी बोलावलं होतं.

"तुम्हाला कळलं ना, ती कुणाची वाट बघत होती?"

"काल रात्री कळलं."

"आता अडचण अशी आहे, वेन्डेल, की ते आले. थंडी पडली, ती लपली, आणि दोघं आले. तिच्या दृष्टीने तुम्ही सांगितलं ते खरं ठरलं. ती पुन्हा लपेल. पुढच्या वेळी कुठे लपेल कोण जाणे."

"मी खोटं काही सांगितलं नव्हतं."

"खरंच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घसरगाड्यांच्या खोलीला कुलूप लागलं. इर्मा नेनी आता खुंट्या नाही, डोकी मोजते. तिने मला चरबी लावलेला पाव आणि कांदा आणून दिला आणि समोर बसून राहिली. मी विचारलं, आता खारींचं बंद करायचं का?

"बंद करा म्हणजे काय? अर्ध्यात सोडून जाणार? तुम्ही पण?"

शनिवार, ३० नोव्हेंबर

उणे दोन, भुरभुर बर्फ.

मंगळवारी काय सांगायचं ते चार दिवस शोधतो आहे. थंडीतही एकत्र येत नाहीत असं सांगितलं तर ते खोटं. येतात असं सांगितलं तर ती पुन्हा लपणार. जुन्या नोंदवह्या काढल्या. एका हिवाळ्यात मी एकाच खारीवर फेब्रुवारीपर्यंत नजर ठेवली होती. तिच्या तिन्ही घरट्यांची नोंद आहे, अस्तराची जाडीसुद्धा. सगळी सारखी जाड. तेव्हा नुसता आकडा लिहिला होता.

मंगळवार, ३ डिसेंबर

उणे पाच, गुडघाभर बर्फ. घसरगाड्या बाहेर निघाल्या.

बोरोका पहिल्या रांगेत बसली होती. मी घसा साफ केला. "खारींबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक. थंडीत दोन खारी एकत्र येतात, पण थंडीपुरत्या. ऊन पडलं की आपापल्या झाडावर जातात. आणि यायचं की नाही हे पिल्लाच्या हातात नसतं. पिल्लू कितीही लपलं, कितीही गारठलं, तरी नसतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. झालानसुद्धा.

"पिल्लू चांगलं वागलं तर?" बोरोका.

"तरी नाही."

"वाईट वागलं म्हणून ते जातात?"

"नाही. वाईट वागलं म्हणूनही नाही. पिल्लामुळे काहीच नसतं त्यातलं."

तिने मान खाली घातली आणि वेणीचं टोक तोंडात धरलं. मला वाटलं, झालं, मी पुन्हा काहीतरी मोडलं. ओर्शी नेनी दाराशी उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मानेने ‘पुढे’ म्हटलं.

"दोन. खार एका घरट्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा तोंडात काही नेत नाही. शेवाळ नेत नाही, गवत नेत नाही. कारण दोन्हीकडे तिचं अस्तर असतं. तेवढंच जाड. मी स्वतः मोजलंय."

बोरोकाने मान वर केली.

"टूथब्रश पण?"

"टूथब्रश पण."

"आणि चपला? उशी?"

"सगळं. रिकाम्या हातांनी उडी मारायची. हातात ओझं असलं की फांदी चुकते."

झालान म्हणाला, "इस्त्री पण दोन्हीकडे लागते. आमच्या आजीकडे पण आहे." मी त्याला मनापासून धन्यवाद दिले.

गुरुवार, ५ डिसेंबर

उणे तीन.

अक्रोडाच्या फळीतून दोन खुंट्या केल्या. तापलेल्या तारेने त्यांवर खार काढली. शेपटी पहिल्या खेपेला उंदरासारखी झाली, पुन्हा तासून काढली. दुपारी बालवाडीच्या फाटकाशी आधी नोराला एक दिली, मग आकोशला एक.

आकोश खुंटी उलटसुलट करत राहिला. "किती उंचीवर लावू?"

"तिचा हात पोचेल एवढ्या."

तो म्हणाला, "ती माझ्याकडे आली की बॅग उघडतच नाही हो. मला वाटायचं, राहायचं नसतं तिला." मग म्हणाला, "तिला कुठल्या रंगाचा ब्रश आवडतो ते मी नोराला विचारतो." आणि गेला. मीही बराच वेळ फाटकाशीच उभा राहिलो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

उणे एक, पाइनवरून बर्फ निसटून पडतं आहे.

सोमवारी माझा वार नसतो, पण आज गेलो. सांगण्यासारखं कारण नव्हतं, इर्मा नेनीला पेटीचा खिळा बघायचाय म्हणून सांगितलं. आठ वाजता बोरोका आली. आज आठवडा बदलायचा दिवस. पाठीला बॅग नव्हती. हातात फक्त एक पाइनचं फळ. "आज किती?" तिने विचारलं.

"उणे एक."

"बरं," ती म्हणाली, कोट खुंटीवर लावला आणि आत खेळायला गेली. उणे एक म्हणजे आता नुसतं उणे एक.

इर्मा नेनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात हलवत आली पोरगी." फरशी कोरडी होती तरी पुसत होती.

घरी आलो. फळीचा एक तुकडा उरला होता, त्याची तिसरी खुंटी केली. माझ्या दारालगतच्या बोळकांडीत कोटाशेजारी जागा आहे. घोडा काढायला तार तापवली आणि थांबलो. घोडा की दुसरं काही? तासभर आठवून पाहिलं. मग लिल्लाला फोन केला. आमचा फोन वाढदिवसाला आणि नाताळला होतो, त्यामुळे तिने आधी विचारलं, "बाबा, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं. बालवाडीत तुझं चिन्ह काय होतं?"

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"कशाला हवंय?"

"खुंटी करतोय. तुझ्यासाठी. इथे लावायला."

"मी वर्षातून दोनदा येते, बाबा."

"हो. पण टॉवेलही आणून ठेवीन म्हणतो. ब्रशही. तुला ओझं नको."

मग तिने नाक ओढलं. सर्दी झाली असावी, ग्राझला थंडी जास्त असते.

"गोगलगाय," ती म्हणाली.

मी एवढी वर्षं घोडा समजत होतो. गोगलगाय घोड्यापेक्षा सोपी आहे. पाठीवरचं घर एका रेषेत निघतं, तार उचलावी लागत नाही.